बक्षिसाचा मेल आणि तुमचं भांडवल : पैसे मागणारं बक्षीस ओळखायचं कसं?



"अभिनंदन! तुमच्या ईमेल आयडीला २५ लाखांचं बक्षीस लागलं आहे." असा मेल किंवा केबीसीच्या नावाने व्हॉट्सॲप मेसेज तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. आपण हसतो आणि डिलीट करतो. पण काही जण उत्तर देतात. ते मूर्ख असतात का? नाही. म्हणूनच हा विषय नीट समजून घेऊ.

ही फसवणूक चालते कशी?

धरून चला, घरगुती मसाल्यांचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंना हा मेल आला. दिवाळीच्या ऑर्डरसाठी मशीन घ्यायची आहे, बँकेचं कर्ज अडकलंय. अशा वेळी २५ लाखांचा आकडा दिसतो.

पहिली मागणी: नोंदणी फी ४,५०० रुपये.
दुसरी: कस्टम क्लिअरन्स १८,००० रुपये.
तिसरी: टॅक्स ४५,००० रुपये.

एकूण गेले ६७,५०० रुपये. आता चौथी मागणी येते, ९०,००० ची. इथे ताई बक्षिसाचा विचार करतच नाहीत. "आता थांबले तर आधीचे ६७,५०० बुडाले," हा विचार त्यांना पुढे ढकलतो. खरा सापळा हाच आहे. बंद पडलेल्या दुकानात आपण पैसे ओतत राहतो, तेव्हाही डोक्यात हेच चालू असतं.

नियम लक्षात ठेवा: गेलेला रुपया निर्णय घेत नाही. पुढचा रुपया टाकायचा का, एवढंच विचारा.

शिकलेली माणसंसुद्धा फसतात

ब्राझीलच्या बँको नोरोएस्ते या बँकेचं प्रकरण बघा. १९९५ ते १९९८ या काळात बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने नायजेरियातल्या विमानतळाच्या 'प्रकल्पासाठी' बँकेचे सुमारे २४.२ कोटी डॉलर पाठवले. समोरचा माणूस नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर असल्याचं सोंग घेऊन बोलत होता. आमिष होतं मोठ्या कमिशनचं. विमानतळ कधी झालाच नाही. पैशांचे व्यवहार रोज हाताळणारा बँकर फसतो, तर आपण कोण?

या प्रकाराला '४१९' म्हणतात, कारण नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातलं फसवणुकीचं कलम ४१९ आहे. पण म्हणून हे फक्त तिथलेच लोक करतात असं समजू नका. असे फोन आपल्या देशातूनही येतात.

मेल इतका बावळट का असतो?

स्पेलिंग चुकलेलं, गोष्ट न पटणारी. मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये याचं उत्तर मांडलं. लाखो मेल पाठवणं स्वस्त असतं, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी बोलण्यात ठगाचा वेळ जातो. म्हणून गोष्ट मुद्दाम अशी ठेवली की शंका घेणारे आधीच गळतात आणि विश्वास ठेवणारेच उरतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हे लीड फिल्टरिंग आहे! म्हणजे तुम्ही उत्तर दिलंत की त्याच्यासाठी तुम्ही 'हॉट लीड' झालात.

चार साध्या कसोट्या

१. तिकीट घेतलं होतं का? महाराष्ट्र राज्य लॉटरीतही तिकीट हातात असावं लागतं. न घेतलेल्या तिकिटाला नंबर लागत नाही.

२. आधी पैसे मागितले का? लॉटरीच्या रोख बक्षिसावरचा कर देणाराच कापून घेतो. खरं बक्षीस तुमच्याकडून आगाऊ पैसे मागत नाही.

३. रिझर्व्ह बँकेचं नाव आहे का? ती सामान्य लोकांची खाती ठेवत नाही आणि बक्षीस सोडवायला मेलही पाठवत नाही. शिवाय परदेशी लॉटरीत भाग घ्यायला पैसे पाठवणं फेमा कायद्याने बंद आहे.

४. "कुणाला सांगू नका," असं म्हणतात का? मग लगेच घरी सांगा.

उद्योजकांसाठी याचीच दुसरी रूपं असतात: "तुमच्या फर्मची पुरस्कारासाठी निवड झाली, फी भरा," किंवा "कर्ज मंजूर, प्रोसेसिंग चार्ज पाठवा." कसोट्या त्याच लावा. आणि कमिशनच्या आमिषाने आपलं करंट अकाउंट कुणाला वापरायला देऊ नका. फसवणुकीचे पैसे त्यातून फिरले तर खातं गोठतं आणि पोलीस आधी तुमच्या दारात येतात.

पैसे गेलेच तर?

लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. मेल, मेसेज, पावत्या काहीही डिलीट करू नका. नंतर "तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, फी द्या," असा फोन आला तर तोही त्याच धंद्यातला समजा.

आणि घरात कुणी फसलं असेल, तर "एवढंही कळलं नाही का?" असं विचारू नका. या एका वाक्याच्या भीतीने माणसं पुढचे पैसेही गुपचूप भरतात.

आजचा गृहपाठ: या चार कसोट्या कागदावर लिहा आणि गल्ल्याजवळ चिकटवा. तुमच्याकडे काम करणाऱ्यांना आणि घरातल्या मोठ्यांना त्या आजच वाचून दाखवा. महिनोन्‌महिने जमवलेलं भांडवल एका मेलवर जाऊ देऊ नका!