मृणालला पत्र

खामगाव

चि. मृणाल,

तुझ्या बाबांच्या सोनोग्राफीत ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’ आलं आणि तू लगेच भुईआवळीच्या अर्काच्या गोळ्या पाठवल्यास, हे ताईनं फोनवर सांगितलं. तुझा जीव तुटतो, ते कळतं. पण उद्या तू फार्मासिस्ट होशील, चिखली-मेहकरकडची माणसं तुझ्या शब्दावर औषध घेतील, म्हणून लिहितो.

भुईआवळी गुणी आहे, यात वाद नाही. पावसाळ्यात सोयाबीनच्या धुऱ्यावर बघ, पानांच्या खालच्या अंगाला बारीक हिरव्या फळांची रांग लागलेली दिसेल. कावीळ झाली की आपली माणसं तीच शोधायची. पण प्रयोगशाळेत अशा वनस्पतींवर जे काम झालं, त्यात बहुतेक वेळा उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइडसारखं विष देऊन यकृत बिघडवलं आणि मग अर्क पाजला. बाबांना विषबाधा झालेली नाही. शुगर, सुटलेलं पोट आणि दिवसभराचं बसकाम यांनी त्यांच्या यकृतात चरबी साठली आहे.

ही चरबी जाळताना पेशींत ऑक्सिजनचे आक्रमक कण तयार होतात, ते पेशींची आवरणं पोखरतात, सूज येते आणि पुढं व्रण धरतात. अशा अर्कांतले अँटिऑक्सिडंट त्या कणांना आवरतात. म्हणजे जिनिंगमधल्या कापसाच्या गंजीवर उडणाऱ्या ठिणग्या विझवायच्या. गंज मात्र तशीच. ती कमी होते वजन उतरवल्यानं. बाबांचं वजन 84 किलो आहे. त्यातलं 7 ते 10 टक्के, म्हणजे सहा ते आठ किलो, हळूहळू उतरलं तर चरबीच काय, सूजही ओसरू शकते. इतका भरवसा मला कुठल्याही अर्काचा वाटत नाही.

ई जीवनसत्त्व या अँटिऑक्सिडंटचं उदाहरण घे, तेही वनस्पतींच्या तेलात असतं. 2010 साली अमेरिकेतल्या फॅटी लिव्हरच्या 247 रुग्णांच्या चाचणीत रोज 800 युनिट मात्रेनं यकृताची सूज कमी झाली, व्रण मात्र फारसे हटले नाहीत. शिवाय ते रुग्ण मधुमेह नसलेले होते. बाबांना ते जसंच्या तसं लावता येत नाही.

आणि वनस्पती म्हणजे निर्धोक, असंही नाही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, की वनस्पती नीट ओळखलेलीच नव्हती. मृणाल, धोका तिथंच आहे! भुईआवळीच्या सारख्या दिसणाऱ्या जाती बाजारात सर्रास मिसळलेल्या असतात. भाजीतली चिमूटभर हळद वेगळी, मिऱ्याचा अर्क घालून शोषण वाढवलेली हळदीची कॅप्सूल वेगळी. तिनंही काहींचं यकृत दुखावलं आहे.

गोळ्या आजच थांबवायला सांग आणि बाटली डॉक्टरांना दाखव. एसजीपीटी, प्लेटलेट आणि शुगर तपासून घ्या. फायब्रोस्कॅन लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. ताईला म्हणावं, ज्वारीच्या कण्या घालून अंबाडीची भाजी कर, फोडणीला तेल बेतानं. जवसाची चटणी, शेवग्याचा पाला ताटात असू दे. चहातली साखर आणि रविवारची कचोरी बंद. संध्याकाळी बाबांना चालायला तूच बाहेर काढ, तुझं ते ऐकतात.

आणि कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी भुईआवळी उपटशील तेव्हा मुळासकट, फळासकट उपट, आणि वनस्पतिशास्त्राच्या सरांकडून जात पक्की केल्याशिवाय तिचा अर्क काढू नकोस.

तुझा
मामा