कॅट सोडवायची म्हणजे काय काय सोडायचं?

"आपलं मॅथ्स चांगलं आहे, कॅट काय, सहज काढू!" हे वाक्य थर्ड इयरच्या खोल्यांमधून दरवर्षी ऐकू येतं. एम-थ्रीमध्ये लाप्लास ट्रान्सफॉर्म करून आलेल्या माणसाला नळ आणि टाकीची गणितं पोरखेळ वाटणारच. पण मित्रहो, चार वर्षांत युनिव्हर्सिटीच्या पेपरांनी आपल्याला जी सवय लावली, नेमकी तीच इथे आडवी येते. आपल्याकडे येत नसलं तरी फॉर्म्युला लिहायचा, डायग्राम काढायची, सप्लिमेंट भरायची. स्टेपचे मार्क मिळतात. कॅटमध्ये स्टेपला मार्क नाहीत. चुकलं तर उलट कापतात.

आधी पेपर कसा असतो ते पाहू. 2024 च्या कॅटमध्ये 68 प्रश्न होते: इंग्रजी वाचन-भाषेचे 24, डेटा-लॉजिकचे 22 आणि गणिताचे 22. प्रत्येक विभागाला 40 मिनिटं, क्रम ठरलेला, आणि एका विभागातला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. बरोबर उत्तराला 3 मार्क, पर्यायी प्रश्न चुकला तर 1 वजा. ज्या प्रश्नात उत्तर स्वतः टाइप करायचं असतं, तिथे चुकीला दंड नाही.

आता जरा प्रोबॅबिलिटी. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर सरासरी हाती किती येईल? एक चतुर्थांश वेळा 3, तीन चतुर्थांश वेळा वजा 1, बेरीज शून्य. म्हणजे नुसत्या तुक्क्याने फायदाही नाही नि तोटाही नाही, गेला तो वेळ. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर सरासरी एक तृतीयांश मार्क पदरात पडतो. दोन बाद झाले, तर पुरा 1. तेव्हा "तुक्का मारायचा की नाही" यावर मेसमध्ये भांडण्यापेक्षा किती पर्याय कापता येतात ते बघा. टाइप करायच्या प्रश्नात मात्र थोडा जरी अंदाज असला तरी जागा रिकामी सोडू नका.

खरी मेख वेळेची आहे. 40 मिनिटांत 22 प्रश्न म्हणजे एकाला दोन मिनिटंही पुरी नाहीत. सगळे सोडवणं जवळजवळ कोणालाच जमत नाही, आणि त्याची गरजही नाही. अलीकडच्या वर्षांत गणितात निम्मे प्रश्न नीट बरोबर आले, तर त्या विभागाचा पर्सेंटाइल नव्वदीच्या बराच पुढे जातो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे फर्स्ट इयरवाल्यांसाठी सांगून ठेवतो. ती रांगेतली जागा आहे. 2024 ला सुमारे 2.9 लाख मुलं बसली. 99 पर्सेंटाइल म्हणजे त्यातल्या वरच्या साधारण 2900 जणांत.

पद्धतही बदलावी लागते. एक नळ 12 तासांत टाकी भरतो, दुसरा 15 तासांत, आणि गळती भरलेली टाकी 20 तासांत रिकामी करते. तिन्ही चालू असताना टाकी किती वेळात भरेल? आपला हात लगेच 'समजा एक्स' लिहायला जातो. त्याऐवजी टाकी 60 लिटरची धरा. तासाला 5 अधिक 4 वजा 3, म्हणजे 6 लिटर. 10 तास. पेन उचलायचं कामच नाही.

पण इंजिनीअर बहुतेक वेळा अडतो तो गणितात नाही, वाचनात. 24 पैकी 16 प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि उतारे तत्त्वज्ञान, इतिहास, कला, अर्थशास्त्र, कशावरही येतात. शिवाय आयआयएममध्ये एकूण पर्सेंटाइलबरोबर प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ असतो. गणितात कितीही कमावलं, तरी इंग्रजीतला खड्डा त्याने बुजत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांनी घाबरू नये, पण शब्दांच्या याद्या पाठ करत बसू नये. रोज एक मोठा इंग्रजी लेख, आपल्या आवडीबाहेरच्या विषयावरचा, वाचा आणि मिटून ठेवून लेखकाचं म्हणणं दोन ओळींत लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल. याला सहा-आठ महिने लागतात, म्हणून हे सहाव्या सेमिस्टरलाच सुरू व्हायला हवं. गणिताची उजळणी सुट्टीत उरकता येते, वाचनाची नाही.

मॉक टेस्टचा नुसता आकडा मोजू नका. दोन तासांच्या मॉकनंतर तीन-चार तास ती तपासण्यात घाला. चुकलेल्या प्रश्नांचे तीन ढीग करा: येतच नव्हते, येत होते पण वेळ खाल्ला, आणि हातच लावायला नको होता. तिसरा ढीग कमी झाला की मार्क वाढलेले दिसतात.

सीनियर्सच्या वह्या जपून वापरा. कॅट 2009 पासून कॉम्प्युटरवर आहे. प्रत्येक विभागाला 60 मिनिटांची स्वतंत्र वेळ 2015 ला आली आणि ती 60 ची 40 मिनिटं 2020 ला झाली. "आधी गणित उरकून घे" हा सल्ला त्यामुळे बाद.

वेळापत्रक आपल्याला जरा अडचणीचंच आहे. फॉर्म साधारण ऑगस्टपासून, परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटाला. म्हणजे मध्ये प्लेसमेंट, सबमिशन, ओरल सगळं. शेवटच्या वर्षाला असताना कॅट देता येते, पण पदवी पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. पदवीला किमान 50 टक्के किंवा तेवढा सीजीपीए लागतो (काही राखीव प्रवर्गांना 45). कॅटपायी केटी ओढवून घेण्यात काही अर्थ नाही.

जमनालाल बजाज, सिडनहॅम किंवा पुम्बा डोक्यात असेल, तर राज्याची एमबीए सीईटीही द्या. तिथे आजवर 150 मिनिटांत 200 प्रश्न आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, अशी पद्धत राहिली आहे. फॉर्म भरताना त्या वर्षीचं माहितीपत्रक बघून घ्या. निगेटिव्ह नसेल तर कॅटची सवय तिथे उलटी करायची: शेवटची चार-पाच मिनिटं राखून उरलेल्या प्रत्येक प्रश्नावर क्लिक करूनच बाहेर पडायचं.