चांदण्यातला धोंडा आणि ताऱ्यांचे घड्याळ



मराठवाडा म्हटले की काळा बेसॉल्ट डोळ्यांपुढे येतो. त्याचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरला. परंतु नांदेड जिल्ह्यातील देगलूर-बिलोली भागात त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडलेला आहे. भेगांत पाणी मुरून व कडा झिजून त्याचे गोलसर धोंडे बनतात.

होळीच्या आदल्या रात्री, साडेदहाच्या सुमारास, मी अशाच एका धोंड्याचे छायाचित्र घेतले. चंद्र माझ्या पाठीशी, धोंड्यामागे पश्चिमेला मृग नक्षत्र. चित्र वर्गात दाखवताच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हा फोटो दिवसाचा आहे!" आकाश निळे, दगड तांबूस, सावली ठळक. शंका रास्त होती. सर सांगतात म्हणून मानायचे नसते, पुरावा मागायचा असतो.

प्रथम हे पाहू, की चित्र दिवसासारखे का दिसले? चांदणे म्हणजे चंद्रावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाशच. हवेचे रेणू त्यातील निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून रात्रीही आकाश निळेच असते. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, कॅमेरा मात्र प्रकाश साठवत राहतो.

किती वेळ साठवायचा? सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे ४ लाख पट तेजस्वी दिसतो. आयएसओ १०० व छिद्र एफ-१६ असताना उन्हातल्या दगडाला १/१२५ सेकंद पुरतो. चांदण्यात त्याच्या ४ लाख पट, म्हणजे ३२०० सेकंद लागतील. छिद्र एफ-४ केले की त्याचा व्यास चौपट व क्षेत्रफळ १६ पट होते. म्हणून ३२०० ÷ १६ = २०० सेकंद. मी थोडा हात सैल सोडून २४० सेकंद, म्हणजे ४ मिनिटे शटर उघडे ठेवले.

आता पुरावा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांत १ अंश. तेवढ्या वेळात तारे ठिपक्यांऐवजी रेघा उमटवतात. मृगातल्या बाणाच्या टोकांच्या दोन ताऱ्यांत सुमारे २.७ अंशांचे अंतर आहे. शंका घेणाऱ्या मुलाच्याच हाती मी पट्टी दिली. मोठ्या केलेल्या प्रतीवर हे अंतर २७ मिलिमीटर भरले आणि प्रत्येक रेघ १० मिलिमीटर. म्हणजे १ अंश, म्हणजेच ४ मिनिटे! दिवसा इतका वेळ शटर उघडे राहिले असते, तर चित्र पांढरेफटक झाले असते. मुलगा स्वतःच म्हणाला, "मग रात्रच होती, सर."

तुम्हीही गच्चीवरून हा प्रयोग करा. कॅमेरा तिपाईवर किंवा विटांच्या आधाराने घट्ट बसवा. हात लागून धक्का बसू नये म्हणून टायमर लावा. माळरानावर जायचे असेल तर वडीलधाऱ्यांना सोबत घ्या, बॅटरी न्या आणि दगडांच्या फटींत हात घालू नका, तेथे विंचू असतात.

जाता जाता एक प्रश्न. ध्रुवताऱ्याकडे कॅमेरा रोखून घेतलेल्या चित्रात इतर ताऱ्यांच्या कमानी १५ अंशांच्या भरल्या, तर शटर किती वेळ उघडे होते? आणि तो ध्रुवतारा नांदेडहून क्षितिजावर सुमारे १९ अंश, तर लातूरहून त्याहून किंचित खाली का दिसतो? नकाशा काढा, उत्तर सापडेल.