ऊसबिल वर्षातून एकदा, किराणा रोजचा

यवत आणि आसपासच्या गावांत घरखर्चाची तोंडमिळवणी बिघडते ती बहुतेक वेळा तारखांमुळे. वर्षाची बेरीज केली तर जमा पुरेशी दिसते. पण पैसा येतो त्या दिवशी खर्च नसतो आणि खर्च दारात उभा राहतो त्या दिवशी पैसा संपलेला असतो. मधली पोकळी उसनवारीने भरली जाते आणि तिचे व्याज पुढच्या वर्षाच्या जमेतून वजा होते. जमाखर्चाचा ताळमेळ शिकायचा असेल तर आधी आपल्याकडे पैसा कोणकोणत्या वाटांनी आणि कधी येतो, हे नीट पाहावे लागते.

दौंड तालुक्याच्या या कालव्याच्या पट्ट्यातल्या शेतकरी घरात साधारण तीन वाटांनी पैसा येतो. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी. घरातले कोणी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, लोणी काळभोरला किंवा दौंड–पुणे रेल्वेने रोज पुण्याला जाऊन काम करत असेल, तर पगार महिन्याने. आणि उसाचे बिल वर्षातून एकदा, तेही आडसाली लावण असेल तर त्याहून उशिरा. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो. म्हणजे एका लावणीच्या पैशावर दोन दिवाळ्या काढाव्या लागतात. सुरू हंगामाची लावण आणि तुटलेल्या उसाच्या खोडातून फुटणारा खोडवा बारा महिन्यांच्या आसपास येतात, म्हणून रोकडीच्या दृष्टीने ते सोयीचे. उत्पादन मात्र कमी.

उसाच्या बिलाबद्दल एक गैरसमज घरोघरी आढळतो. जाहीर झालेला दर हाच हातात पडणारा दर, असे धरून चालतात. केंद्र सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) ठरवला होता. पण कारखान्याचा उतारा कमी असला की दर उतरतो, आणि तोडणी-वाहतूक त्यातूनच कापली जाते. शिवाय विकास सोसायटीचे पीककर्ज बिलातून परस्पर वळते होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज द्यायचे, असा नियम आहे. प्रत्यक्षात एकरकमी की हप्त्याने, हा वाद दर हंगामात पेटतो. घरचा हिशेब नियमाच्या तारखेवर बसवण्यात अर्थ नाही. गेल्या तीन हंगामांत पैसा खरोखर कधी आला, ते पासबुकात पाहावे आणि त्यातली सर्वांत उशिराची तारीख धरावी.

आता एक उदाहरण आकड्यांत मांडून पाहू. दोन एकर खोडवा, एकरी ४५ टन, म्हणजे ९० टन. सगळ्या कपाती जाऊन टनाला २,८०० रुपये पडले तर २,५२,००० रुपये. त्यातून सोसायटीचे एक लाख गेले, हातात १,५२,०००. दूध दिवसाला वीस लिटर. पेंड, चारा, डॉक्टर वजा जाता महिन्याला ७,५०० उरतात. मुलाचा पगार १८,०००. म्हणजे महिन्याची नियमित जमा २५,५००. खर्च असा: किराणा, वीज, गॅस, प्रवास, औषधे मिळून २४,००० आणि दुचाकीचा हप्ता ३,५००, एकूण २७,५००. दर महिन्याला दोन हजारांची तूट, वर्षाची चोवीस हजार. याशिवाय जूनमध्ये शाळा-कॉलेजची फी, वह्यापुस्तके आणि खत यांचे ४५,०००, दिवाळीचे २५,०००, पाव्हण्यारावळ्यांची लग्ने आणि दवाखाना मिळून ३०,०००. वर्षाची गरज १,२४,०००. फेब्रुवारीत हातात आलेल्या दीड लाखातून हे वजा केले तर उरतात २८,००० रुपये.

त्या घराने हौसेने खर्च करावा अशी रक्कम ही एवढीच. पण खात्यावर दीड लाख दिसत असतात. मार्चमध्ये गोठ्यावर नवे पत्रे आणि पोराला मोबाईल मिळून ७०,००० खर्च होतात, आणि तेव्हा कोणालाच काही वावगे वाटत नाही. कोणी वाटेल तशी उधळपट्टी केलेली नसते. जून कसाबसा निघतो. ऑक्टोबरमध्ये ४२,००० ची चणचण समोर येते. ती दरमहा शेकडा तीनने घेतलेल्या उसन्या पैशांनी भरली तर फेब्रुवारीपर्यंत चार महिन्यांचे व्याज ५,०४० रुपये. पुढच्या वर्षीच्या बिलातून ४७,०४० रुपये आधीच गेलेले असतात. त्या वर्षी एक रुपयाही हौसेवर न घालवता सुमारे १९,००० कमी पडतात आणि पुन्हा उसने घ्यावे लागतात. फेड पुरी होते ती तिसऱ्या वर्षी, तेही मधल्या काळात ना ऊस जळाला, ना गाय भाकड गेली, ना कोणी आजारी पडले तर. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. पण ऊसवाल्याचे अंथरूण फेब्रुवारीत लांब आणि ऑक्टोबरमध्ये तोकडे असते, आणि मोजले जाते ते नेहमी फेब्रुवारीत.

चांगल्या वर्षाला नेहमीचे वर्ष समजण्याची ही खोड या मुलखाला नवी नाही. यवतच्या पुढे चौफुल्यावरून मोरगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुपे लागते. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तिथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. तेव्हा सुपे भीमथडी तालुक्यात होते. त्याआधी १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात सावकारावर बहिष्कार पडला होता. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदले गेलेल्या या उठावामागे सावकाराचा जुलूम होताच, परंतु त्याच्या आधीचा दहा वर्षांचा काळ जमाखर्चाच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. कर्ज मागावे तितके मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. १८६७ पासूनच्या फेरआकारणीत सारा मात्र मोठ्या प्रमाणात वाढवला गेला. तेजीत वाढलेले देणे आणि वाढीव सारा मंदीच्या उत्पन्नातून भागवायची वेळ आली, आणि नेमक्या त्याच वेळी सावकारांनी हात आखडता घेतला.

त्या कहाणीत आणखी एक धागा आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुळाला वाचवण्याचा होता. झाले उलटे: तीन वर्षे भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. पैसा एकही नवा मिळत नसे, देणे मात्र फुगत जाई. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तो दंग्यांनंतर झालेल्या चौकशीतूनच.

आज सोसायटीच्या दारात मार्चअखेरीस जे ‘नवंजुनं’ चालते, त्याचे या जुन्या रोख्याशी नाते आहे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ते शून्य टक्क्याने पडते. ही सवलत जाऊ नये म्हणून पैसे नसलेला माणूस आठ-दहा दिवसांसाठी खासगीत रक्कम उचलतो, कर्ज भरतो, नवे कर्ज मंजूर होताच ती परत करतो. आठ दिवसांसाठीही पूर्ण महिन्याचे व्याज धरले, तर लाखाला तीन हजार जातात. शून्य टक्क्याचे कर्ज तीन टक्क्यांचे झाले, आणि पेरणीसाठी असलेली रक्कम पेरणीआधीच संपली. एखाद्या वर्षी अडचणीत केलेले नवंजुनं समजण्यासारखे आहे. सलग तिसऱ्या वर्षी करावे लागत असेल, तर ते पीककर्ज उरलेले नसते. घरखर्चाचे कायमचे देणे होऊन बसलेले असते, आणि ते तसेच ओळखून हळूहळू कमी करावे लागते.

उपाय सुरू होतो तो एका बारा रकान्यांच्या कागदापासून. मोबाईलवरचे अ‍ॅप चालेल; पण घरातल्या आजीपासून कॉलेजातल्या मुलीपर्यंत सगळ्यांना दिसेल असा भिंतीवरचा कागद अधिक उपयोगी पडतो, असे दिसते. प्रत्येक महिन्याच्या रकान्यात वर नक्की येणारा पैसा, खाली नक्की होणारा खर्च. जून आणि दिवाळीचा महिना लाल होणारच. रोजचा खर्च लिहून ठेवायला सांगणारे पुष्कळ असतात आणि पंधरा दिवसांत ती वही बंद पडते. लाल महिने ओळखण्याचे काम एका संध्याकाळचे आहे आणि त्याचा फायदा वर्षभर पुरतो.

त्यानंतर बिल आले की घराने स्वतःला पगार द्यायचा. वरच्या उदाहरणातल्या घरात १,५२,००० पैकी ४५,००० ची जूनला मुदत संपेल अशी ठेव, २५,००० ची दिवाळीआधी, ३०,००० अडीअडचणीला वेगळ्या बचत खात्यात आणि दरमहाच्या तुटीचे २४,००० नेहमीच्या खात्यात. उरलेले २८,००० कोणी कशावर खर्चायचे, त्यावर घरात खुशाल वाद व्हावा. ज्या खात्याला फोनवरून पैसे देण्याची सोय जोडलेली आहे, त्यात ठेवीचे पैसे राहू देऊ नयेत. तिथली रक्कम चहा-वडापावात कधी विरघळते ते कळत नाही.

नेमक्या अवघड वेळेसाठी खर्च आधी बाजूला काढणे गावाला अजिबात नवीन नाही. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला मुक्कामी येते, तेव्हा हजारो वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचे जेवण मिळते. भाकऱ्या घराघरांतून येतात, पिठल्याच्या कढया मंदिरापाशी चढतात. पालखीची तारीख पंचांगाप्रमाणे दरवर्षी मागेपुढे होते, वारकऱ्यांची संख्या कोणाला आधी माहीत नसते, तरी बेसन कमी पडले म्हणून पंगत उठली असे होत नाही. जी घरे हे सहज निभावतात, त्यांनाच त्याच सुमाराची शाळेची फी दरवर्षी अचानक आल्यासारखी वाटते!

पैसे कुठे ठेवायचे हाही प्रश्न आहे. राष्ट्रीयीकृत, खासगी वा सहकारी, कोणत्याही विमाधारक बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून वाढली. पतसंस्थांना हे संरक्षण लागू नाही. पाटी सारखीच दिसते, काउंटरवरचा माणूस गावातलाच असतो आणि व्याजही थोडे जास्त मिळते. फरक अडचणीच्या वेळीच कळतो. भिशीचेही तसेच. ओळखीच्या दहाबारा जणांत ती उत्तम चालते, पण जूनची फी तिच्या भरवशावर ठेवू नये.

कर्ज घ्यावेच लागले तर दर वर्षाच्या भाषेत विचारावा. ‘शेकडा तीन’ कानाला किरकोळ वाटते. वर्षाचे ते छत्तीस टक्के. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचे व्याजही साधारण याच घरात किंवा त्याच्याही वर जाते. वस्तू हप्त्याने घेताना ‘फ्लॅट’ दर सांगितला जातो. एक लाखाला १२ टक्के फ्लॅट, दोन वर्षे मुदत, म्हणजे व्याज २४,००० आणि हप्ता सुमारे ५,१६७ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत असूनही व्याज पूर्ण लाखावर लावलेले असल्याने खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना बँका आणि वित्त कंपन्यांना सगळे शुल्क धरून होणारा वार्षिक दर एका पत्रकात लिहून द्यावा लागतो. सही करण्याआधी ते मागावे. हप्त्याची तारीखही मागून घेता येते: पगारदाराने पगारानंतरच्या आठवड्यातली घ्यावी, आणि ज्याची मुख्य जमा उसाची आहे त्याने मासिक हप्त्याऐवजी सहामाही किंवा वार्षिक परतफेड मिळते का, ते विचारावे. ट्रॅक्टरसारख्या शेतीकर्जात तशी सोय असते.

देणी आधीच थकली असतील तर फेडीचा क्रम दरावरून ठरतो, माणसाच्या ओळखीवरून नाही. सर्वांत महाग ते आधी. घरात पडून असलेले सोने बँकेत तारण ठेवून शेकडा तीनचे देणे मिटवणे बहुतेक वेळा फायद्याचे ठरते. फक्त ते सोडवण्याची तारीख भिंतीवरच्या कागदावर, पुढच्या बिलाच्या रकान्यात लिहिलेली हवी. ज्याचे देणे आहे त्याच्याशी स्वतःहून बोलावे. मुदत उलटल्यावर फोन न उचलणाऱ्यापेक्षा महिनाभर आधी जाऊन हप्ता फोडून मागणाऱ्याला बँकेतही वेगळी वागणूक मिळते.

खासगी सावकारीचा फास बसला असेल तर कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. परवानाधारकाला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्के एवढेच व्याज घेता येते. बिगरशेतकऱ्यांसाठी हे दर अनुक्रमे १५ आणि १८ टक्के आहेत. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करायची असते. सोबत पैसे दिल्या-घेतल्याच्या नोंदी, बँकेचे उतारे, कोऱ्या धनादेशांचे क्रमांक आणि जमीन लिहून दिली असल्यास खरेदीखताची प्रत जोडावी. रोखीने दिलेल्या प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम त्याच दिवशी लिहून ठेवलेली असेल, तर ती वही इथे कामी येते.