गोठ्यातली धामण आणि सापाच्या विषाचं औषध

मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक चालू असताना शेजारच्या गोठ्यातून आरडाओरड झाली. जाऊन पाहिलं तर धामण मारलेली. "गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते ती," एक आजी म्हणाल्या. तायांनो, सापाला सडातून दूध ओढताच येत नाही, त्याच्या तोंडाची रचना तशी नाही. धामण बिनविषारी असते. ती गोठ्यात येते उंदरांसाठी, म्हणजे आपलं धान्य खाणाऱ्यांसाठीच!

आपल्याकडे साप चावून माणसं दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांमुळे. त्यात मण्यार फसवी. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, फारसं दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या तर थांबू नका. खाली झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी.

या चौघांच्या विषावर एकच इंजेक्शन चालतं. ते बनतं सापाच्याच विषापासून. विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याचा उतारा तयार होतो, तोच आपल्याला मिळतो. म्हणजे औषधासाठीही साप जिवंत हवा.

हे विष येतं कुठून? तमिळनाडूतले इरुळ आदिवासी पूर्वी साप पकडून कातडी विकायचे. वन्यजीव कायदा आला, तो धंदा बंद पडला. मग १९७८ मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या मदतीने चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आपल्या गटांसारखीच सभासदांची. साप काही आठवडे मडक्यात ठेवतात, विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करून परत सोडतात. त्यातल्या मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शाळेत न शिकलेलं ज्ञान, पण दिल्लीपर्यंत पोचलं.

आपण मात्र साप पकडायला जायचं नाही. लांब उभं राहून वनविभागाला किंवा सर्पमित्राला फोन करायचा. कुणाला चावलाच तर घट्ट बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. बांगड्या, जोडवी काढा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. मारलेला साप सोबत न्यायची गरज नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटातल्या एकीने आपल्या आरोग्य केंद्रात हे इंजेक्शन आहे का, ते विचारून यावं. नसेल तर ग्रामसंघाच्या नावाने अर्ज तिथेच लिहू.