चिमूरहून बुडालेल्या जहाजांकडे

बारावीचा निकाल लागला की चिमूर, नेरी, भिसी, शंकरपूरकडच्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. नीट द्यावी की जेईई, वनरक्षकाची भरती कधी निघणार, पोलीस भरतीसाठी अकादमी लावावी का, डी.एड.ला आता काही अर्थ उरला आहे का. मधूनच एखादा वेगळा प्रश्न येतो. "पोरगी म्हणते, समुद्रात बुडालेल्या जुन्या जहाजांचा अभ्यास करायचा आहे. मोबाईलवर काहीतरी पाहिलं तिनं. आमच्याकडे एक उमा नदी, तीही उन्हाळ्यात आटते. हे खूळ कसं काढायचं?"

खूळ काढू नका. या कामाला सागरी पुरातत्त्व म्हणतात आणि ते आपल्याच देशात चालते. मात्र त्यात पूर्णवेळ नोकऱ्या फार थोड्या आहेत. ही गोष्ट मुलीला आजच सांगा. वाट नीट आखली, तर जागा कमी असूनही नुकसान होत नाही. कशी आखायची, तेच इथे सांगतो.

आधी हे काम असते तरी काय? सिनेमातला खजिना डोक्यातून काढून टाका. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. 1966 साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संशोधन संस्था, आणि तिच्यात सागरी पुरातत्त्वाचा गट आहे. या गटाने मार्मागोव्याजवळच्या सुंची रीफ नावाच्या खडकाळ भागात सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. पाणी फार खोल नाही, दोन-तीन पुरुष एवढेच. लाकडी सांगाडा जवळपास उरलेला नव्हता, कारण आपल्या उबदार समुद्रात लाकूड पोखरणारे किडे काही वर्षांतच जहाज फस्त करतात. उरले ते त्यांना खाता न येणारे: तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, साठवणीच्या मोठ्या बरण्यांची खापरे, हस्तिदंत. आणि पाणघोड्याचे दात.

त्या दातापाशी थोडे थांबू. पाणघोडा हिंदुस्थानात नाही, आफ्रिकेत आहे. म्हणजे या जहाजाचा किंवा निदान त्यातल्या मालाचा संबंध आफ्रिकेच्या किनाऱ्याशी होता. चिनी भांडी पूर्वेकडची. एकाच खडकावर पश्चिमेचा आणि पूर्वेचा माल सापडतो, तेव्हा गोव्याच्या बंदरातून काय-काय फिरत होते ते कागदपत्रांशिवायही कळू लागते. मग प्राणिशास्त्राचा माणूस दात ओळखतो, रसायनाचा माणूस त्यातले मीठ काढतो, इतिहासाचा माणूस पोर्तुगीज दप्तरे चाळतो. पाण्याखाली घालवलेल्या प्रत्येक तासामागे प्रयोगशाळेत आणि टेबलावर कितीतरी तास जातात. ज्या मुलाला फक्त पोहायचे आहे आणि खापरांवर क्रमांक घालत बसायचे नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

गोव्याच्याच सेंट जॉर्ज रीफवर दुसरे एक जहाज मिळाले, एकोणिसाव्या शतकातले. त्यात कौले, विटा असा इमारतीचा माल भरलेला होता आणि काही मालावर बासेल मिशनच्या कारखान्याचा शिक्का होता, 1865 सालासकट. म्हणजे ते जहाज त्याआधी बुडालेले असणे शक्यच नाही. एका कौलाने काळ ठरवून दिला.

आता सरकारी बाजू. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 2001 मध्ये पाण्याखालच्या संशोधनासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. दुसऱ्याच वर्षी लक्षद्वीपमधल्या बंगारम बेटाजवळ 'प्रिन्सेस रॉयल' या अठराव्या शतकात बुडालेल्या जहाजावर या विभागाने काम केले. पुढे बरीच वर्षे हा विभाग थंडच होता. फेब्रुवारी 2025 मध्ये प्रा. आलोक त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखाली पाच जणांच्या तुकडीने द्वारकेच्या समुद्रात पुन्हा काम सुरू केले. त्या पाचांत तीन स्त्रिया होत्या: अपराजिता शर्मा, पूनम विंद आणि राजकुमारी बारबिना. "मुलीच्या जातीला हे जमेल का" असे विचारणाऱ्या आईबापांना मी एवढेच सांगतो आणि पुढच्या मुद्द्यावर जातो.

महाराष्ट्रातही विषय भरपूर आहे. विजयदुर्ग किल्ल्याजवळ समुद्रात बुडालेली दगडी भिंत आहे. दोनापावलाच्याच संशोधकांनी ती मोजली, तेव्हा लांबी 122 मीटर भरली. किल्ल्यावर चालून येणारी शत्रूची जहाजे तिच्यावर आदळून फुटावीत म्हणून ती बांधली असे मानले जाते. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चार आरमाराच्या कामाचे किल्ले आहेत. या किल्ल्यांभोवतीच्या पाण्यात काय-काय आहे, याचा तपशीलवार नकाशा करायचे काम कितीतरी वर्षे पुरेल.

"पण आमचा त्याच्याशी काय संबंध?" आहे, आणि तो ओढूनताणून लावलेला नाही.

1860 च्या दशकात इंग्रज सरकारने नागपूर-वऱ्हाडचा कापूस नदीमार्गे समुद्रापर्यंत न्यायची योजना हाती घेतली होती. वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी काकीनाडा बंदर. या पाण्याच्या वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मगुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीला, म्हणजे आजच्या अहेरी तालुक्यात. बंधारे, कालवे, जहाजे वर-खाली नेणारी दारे अशी कामे सुरू झाली. त्यासाठी अपर गोदावरी नावाचा जिल्हा निर्माण झाला आणि सिरोंचा हे त्याचे मुख्यालय होते. तिथले अधिकारी ग्लासफर्ड यांच्या नावाचे ग्लासफोर्डपेठा हे गाव सिरोंचा तालुक्यात आजही आहे. पण 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, खर्च हाताबाहेर गेला आणि 1871 मध्ये योजना गुंडाळली गेली. गोदावरी-प्राणहितेच्या काठावर या अपुऱ्या स्वप्नाच्या काय खुणा उरल्या आहेत, कोणत्या डोंग्यांतून आणि तराफ्यांवरून माल जात असे, म्हाताऱ्या ढिवर-कहारांना त्यातले काय ऐकून माहीत आहे, याची पद्धतशीर नोंद करायला पुण्या-मुंबईचा माणूस कशाला येईल? सिरोंच्याच्या बाजारात तेलुगू आणि मराठी दोन्ही बोलणारा विद्यार्थीच ती करू शकतो. एम.ए.च्या प्रबंधाला याहून चांगला विषय मला तरी सुचत नाही.

दुसरा धागा लाकडाचा. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके हे दोन हजार वर्षांपूर्वीचे बंदर उकरले, तेव्हा तिथे भारतीय सागवान मोठ्या प्रमाणात निघाले. जुनी जहाजे मोडून त्यांच्या फळ्या घरांना वापरल्या होत्या. 1817 मध्ये मुंबईच्या वाडियांनी मलबारी सागाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. साग, ऐन, बिजा, शिसम ओळखत लहानाचा मोठा झालेला आलापल्ली-मूलकडचा मुलगा लाकडाच्या शास्त्रात आला, तर त्याचा पाया शहरातल्या मुलापेक्षा पक्का असतो. बुडालेल्या नावेचे लाकूड कोणत्या झाडाचे, कुठल्या जंगलातले, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणारी माणसे जगात कमी आहेत.

आणि ते लाकूड टिकवणे हा वेगळाच पेशा आहे. स्वीडनचे 'वासा' हे जहाज 1628 मध्ये पहिल्याच सफरीत बुडाले. बाल्टिक समुद्रात ते किडे नसल्यामुळे ते जवळजवळ अख्खे राहिले. 1961 मध्ये वर काढले, आणि नंतर 17 वर्षे त्याच्यावर एका मेणासारख्या रसायनाचे पाणी फवारत बसावे लागले, नाहीतर वाळताना ते चिरफाळून गेले असते. लोखंडी तोफ तशीच वर काढून ठेवली तर आतल्या मिठाने तिचे पापुद्रे सुटतात. म्हणून उपचाराची सोय नसेल तर वस्तू जागेवरच राहू द्यावी, हा या क्षेत्रातला पहिला धडा आहे.

आता वाट. माझे मत सरळ आहे: पदवीलाच 'सागरी' शोधू नका. जमिनीवर पोट भरेल असा एक पक्का विषय घ्या आणि पाण्याचे कौशल्य त्याला जोडा.

इतिहासाची आवड असेल तर चिमूर किंवा चंद्रपूरच्या महाविद्यालयातून गोंडवाना विद्यापीठाची बी.ए. करायला काहीच हरकत नाही. पुढे नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभाग आहे. पवनीसारख्या आपल्या भागातल्या उत्खननांत या विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेज हे पुरातत्त्वातले देशातले मोठे नाव. तिथे एम.ए.साठी विज्ञान शाखेचे पदवीधरही जातात. तंजावरच्या तमिळ विद्यापीठात तर सागरी इतिहास आणि सागरी पुरातत्त्वाचा स्वतंत्र विभागच आहे. एम.ए.नंतर ग्रेटर नोएडाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेची दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका मिळाली, तर विद्यावेतनही मिळते आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोकरीसाठी तिचे वजन पडते.

विज्ञानाकडे कल असेल तर भूशास्त्र किंवा रसायनशास्त्र घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशामुळे भूशास्त्राला तसेही काम आहे. समुद्रतळाचा वेध सोनार आणि चुंबकमापकाने घेतात आणि हेच तंत्र बंदरे, तेलविहिरी, समुद्राखालच्या केबल यांनाही लागते. त्यामुळे सर्वेक्षणाचे शिक्षण घेतलेला मुलगा पुरातत्त्वात जागा मिळाली नाही म्हणून घरी बसत नाही. नकाशे आणि उपग्रहचित्रांचे काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्रातही चालते. रसायनवाल्यांसाठी लखनौची सांस्कृतिक संपदेच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे आणि शिवाय संग्रहालयांच्या प्रयोगशाळा आहेत.

नोकरीचे आकडे पालकांना हवेच असतात. 2024 मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने उपअधीक्षक पुरातत्त्वज्ञाच्या 67 जागांची जाहिरात काढली होती. त्याच वर्षी पुरातत्त्व रसायनशास्त्रज्ञाच्या आणि नौदलातल्या नागरी जलालेखन अधिकाऱ्याच्या जागाही निघाल्या, पण त्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. हे सगळे देशभराचे आहे आणि दरवर्षी निघत नाही. 67 मधले बहुतेक जण जमिनीवरच काम करणार. मार्कंडा देवस्थानासारख्या ठिकाणी वैनगंगेच्या काठावर दगड जुळवत बसणे हेही याच खात्याचे काम, आणि ते कमी मोलाचे नाही. गुजरातमध्ये लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभे राहते आहे. तिथे मार्गदर्शक, अभिरक्षक, जतन करणारे तंत्रज्ञ लागतील. कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही वाव आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या वारशासाठी युनेस्कोचा 2001 चा करार आहे, भारत अजून त्यात सामील झालेला नाही आणि आपल्याकडचे नियम वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत. 1878 चा निखात निधी अधिनियम तर दहा रुपयांहून जास्त किमतीचे पुरलेले धन सापडले तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा म्हणतो. तेव्हा "सापडले ते आपले" असे सांगणाऱ्या व्हिडिओंवर पोरांना विश्वास ठेवू देऊ नका.

पाण्यात उतरण्याचे शिक्षण मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या स्कूबा डायव्हिंग संस्थेत मिळते. त्याआधी साधे पोहणे पक्के हवे. कान, सायनस, दमा यांची डॉक्टरी तपासणी करूनच जा. डायव्हिंग नेहमी जोडीने होते आणि पावसाळ्यात समुद्रातले काम बंद असते. जोखीम आहेच. तरी गोव्यासारख्या उथळ खडकांवर शिस्तीत केलेल्या कामाला मी भरधाव दुचाकीहून जास्त घाबरत नाही.

परदेशी शिक्षणाबद्दल एक सावधगिरी. साउथॅम्प्टन, ऑस्ट्रेलियातले फ्लिंडर्स इथे सागरी पुरातत्त्वाचे नावाजलेले अभ्यासक्रम आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाचीही योजना आहे. पण केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीने 2022 मध्ये भारतीय संस्कृती आणि इतिहासावरचे विषय वगळले होते. तेव्हा त्या-त्या वर्षीची नियमावली ओळ न ओळ वाचल्याशिवाय अर्ज भरू नका. देशात पीएच.डी. करायची तर बार्टी, महाज्योती, टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांकडे लक्ष ठेवा. आणि शंभर टक्के नोकरीची हमी देऊन सहा महिन्यांत 'मरीन आर्किऑलॉजिस्ट' बनवणारी खाजगी जाहिरात दिसली, तर पैसे खिशातच राहू द्या.

या सुट्टीत करण्यासारख्या दोनच गोष्टी सांगतो. मुलीला जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली नीट पोहायला शिकवा. आणि एक दिवस काढून तिला नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, घेऊन जा. दोन तासांनी ती अजून दालनातच रेंगाळत असेल आणि तुम्ही बाहेर बाकावर बसला असाल, तर डेक्कन कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची माहिती काढायला हरकत नाही.