वणवा आकाशातून कसा कळतो?

गेल्या फाल्गुनात आपल्या गावामागचा डोंगर पेटला होता, ते तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. दुपारी तीनच्या सुमारास धूर दिसला. मोठी माणसे हिरव्या डहाळ्या तोडून धावली आणि दिवस मावळेपर्यंत झोडपून झोडपून त्यांनी आग विझवली. आमच्या बापूंचे दोन्ही हात भाजले. "विझला बाबा एकदाचा," असं म्हणून सगळे घरी आले, जेवले आणि झोपले.

पण वणवा विझला नव्हता. ओढ्यापलीकडच्या उतारावर, कारवीच्या जाळीत, तो रात्रभर जळत होता. गावात कुणालाच पत्ता नाही. सकाळी वनरक्षक काका मोटारसायकलवरून आले, तेव्हा त्यांच्या मोबाइलवर संदेश आलेला होता. उपग्रहाला दिसले आणि आपल्याला दिसले नाही, हे कसे काय? गुरुजींना विचारून विचारून मी जे समजून घेतले ते येथे लिहीत आहे.

लोहाराच्या भात्याजवळ उभे राहून पाहा. लोखंड अजून लाल झालेले नसते, तरी गालाला झळ लागते. ती झळ म्हणजे अवरक्त किरण. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण उपग्रहावरच्या यंत्राला दिसतात. प्रत्येक वस्तू आपापल्या उष्णतेप्रमाणे असे किरण सोडत असते. मग उन्हाने तापलेला कातळ आणि वणवा यांत घोटाळा होत नाही का? मलाही हाच प्रश्न पडला. तर वस्तू जितकी जास्त तापते तितकी तिच्या किरणांची लहर आखूड होते. मिलिमीटरचे एक हजार भाग केले की एका भागाला मायक्रोमीटर म्हणतात. साध्या जमिनीचे किरण १० मायक्रोमीटरच्या आसपास जोरात असतात, आगीचे ४ च्या आसपास. यंत्र दोन्ही मोजते. शिवाय शेजारची जमीन किती तापली आहे तेही बघते. आपल्याला ताप आला की आई आधी स्वतःच्या कपाळाला हात लावते आणि मग आपल्या, तसेच हे.

या यंत्राचे नाव व्हिअर्स. ते अमेरिकेच्या तीन उपग्रहांवर आहे. ते उपग्रह २०११, २०१७ आणि २०२२ साली सोडले. ते जमिनीपासून सुमारे ८२५ किलोमीटर उंचीवरून फिरतात, म्हणजे मुंबईहून नागपूरला रेल्वेने जावे जवळजवळ तेवढे अंतर, पण सरळ वर! एवढ्या उंचीवरून यंत्र जमिनीचे चौकोन पाडून पाहते. एका चौकोनाची बाजू ३७५ मीटर. गुरुजींनी आम्हांला हे अंतर पावलांनी मोजायला लावले. शाळेच्या फाटकापासून निघालो तो मारुतीच्या देवळापलीकडे गेलो. गुणाकार केला तर एका चौकोनात सुमारे ३५ एकर जमीन बसते. त्यात एका कोपऱ्यात आग असली तरी सगळा चौकोन "पेटला" असे धरतात आणि संदेशात मधल्या बिंदूचे अक्षांश-रेखांश येतात. म्हणूनच त्या सकाळी वनरक्षक काका बरोबर बिंदूवर पोचले, तर तिथे काहीच नव्हते. जळती जाळी दीडशे पावलांवर खाली सापडली.

संदेश येतो कसा, तर हैदराबादजवळ शादनगरला उपग्रहाची माहिती उतरवून घेतात. तिथून ती डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेकडे जाते. जंगलाच्या हद्दीतले बिंदू निवडून ही संस्था वनखात्याला कळवते. हे काम २००४ पासून चालू आहे.

आता मुख्य गोष्ट सांगतो. उपग्रह डोंगरावर बसून राखण करत नाही. व्हिअर्सवाले तिन्ही उपग्रह आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आगेमागे जातात. आपला वणवा तीनला लागला, म्हणजे दुपारची फेरी होऊन गेली होती. वाळलेले गवत दोन-तीन तासांत जळून जाते. डोंगराचा सगळा चारा गेला तो उपग्रहाला दिसलाच नाही. जे रात्री उरले होते तेवढेच दिसले. २०१६ साली उत्तराखंडात चीडच्या जंगलांना आगी लागल्या, त्या दिवसेंदिवस चालल्या, म्हणून तिथे उपग्रहाचा उपयोग जास्त. आपल्या सह्याद्रीच्या गवताला तेवढा दम नाही.

मग सतत पाहणारा उपग्रह नाही का? आहे. आपला इन्सॅट-३डीएस २०२४ साली सोडला. तो ३६ हजार किलोमीटरवर एकाच जागी राहून पाहतो. पण इतक्या लांबून त्याचा अवरक्त चौकोन ४ किलोमीटरचा होतो, त्यात लहान वणवा हरवतो. ढग दाट असले तर कुणालाच दिसत नाही.

त्या सकाळी काका, बापू आणि आणखी चौघे गेले. बापूंच्या हाताला फडकी बांधलेली होती. जाळीभोवतीचा पाला ओढून त्यांनी जाळरेषा काढली, नाहीतर वाऱ्याने आग पलीकडच्या राईत गेली असती. येताना त्यांना जळलेल्या माळावर टिटवीची चार अंडी दिसली, काळी पडलेली. "जाळलं की पुढच्या साली गवत जोरात येतं," असं आमची आजी म्हणते. बापू त्या दिवशी तिला काहीच बोलले नाहीत. पण पहिल्या पावसात त्या उतारावरची माती ओढ्यात कशी वाहून आली ते मी पाहिले आहे, पाणी तांबडे लाल झाले होते.

हे संदेश कुणालाही नाव नोंदवून मिळतात. गुरुजींनी आपला मोबाइल नंबर नोंदवला आहे. आतापर्यंत दोन संदेश आले. पहिला खरा होता, शेजारच्या गावच्या डोंगराचा. दुसरा आला तेव्हा आम्ही धावतच गेलो, तर जंगलाच्या हद्दीला लागून उसाचे पाचट पेटवलेले! कुणाचे ते इथे लिहीत नाही. ते हे भित्तिपत्रक वाचायला येणार आहेत.